आधी चेसिस नंबर, मग भाव

शोरूममध्ये गेल्यावर ‘किती सूट देणार?’ हे मी पहिल्यांदा विचारत नाही. पहिल्यांदा म्हणते, ‘मला जी गाडी देणार आहात तिचा चेसिस नंबर कागदावर लिहून द्या.’ २०२५च्या डिसेंबरात हायवेलगतच्या एका शोरूममध्ये हे वाक्य बोलले, तर समोरच्या पोराचा चेहरा असा झाला, जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. ‘अक्का, चेसिस नंबर बुकिंग केल्यावरच अलॉट होतोय.’ म्हटलं, ‘मग बुकिंगसुद्धा नंबर अलॉट झाल्यावरच करू की.’

तो आत गेला. वीस मिनिटं, दोन कप चहा. मग चिठ्ठी आली. सतरा अक्षर-आकड्यांतलं दहावं अक्षर होतं ‘एस’, म्हणजे गाडी २०२५ची. वर्ष बरोबर होतं, पण महिना? तो मला आणखी दोनदा विचारावा लागला. उत्तर आलं, फेब्रुवारी. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी दहा महिने उघड्या यार्डात उभी होती. बेळगावचा आख्खा पावसाळा तिने अंगावर काढला होता, आणि बेळगावचा पावसाळा काय असतो ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. कोटेशनवर मात्र ‘ब्रँड न्यू २०२५’.

मी ती गाडी नाकारली का? नाही. तीच घेतली. पण कुठल्या भावात, ते पुढे येईलच.

मी बेळगावात एका पतसंस्थेच्या कर्जविभागात सव्वीस वर्षं काढली. गाडीच्या कर्जाच्या फायलीत तीन कागद एकमेकांशेजारी लागतात. शोरूमचं कोटेशन, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, आणि शेवटी आरसी. कोटेशनवर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते कधीच नसतं. फॉर्म २१वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, आरसीवरही असतं. पण ते कागद हातात येईपर्यंत पैसे गेलेले असतात. सभासद पेढे घेऊन यायचा, मी आरसीची झेरॉक्स फाइलला लावायची आणि मनात म्हणायची, बाबा रे, ही तर गेल्या मार्चची. तोंडावर कधी बोलले नाही. पेढा खाऊन झाल्यावर काय बोलणार?

वर्ष कुठलं धरायचं?

अमेरिकेत पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या सालच्या शरद ऋतूतच दुकानात येतं, तसं आपल्याकडे नाही. आपल्याकडे गाडीचं वर्ष म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली ते वर्ष. शोरूमवाले आपसात त्याला ‘एमवाय २४’, ‘एमवाय २५’ म्हणतात, आणि कंपनीकडून येणारी दरमहाची स्कीमही बऱ्याचदा त्यावरच ठरते. त्यामुळे ‘तुमच्याकडे मागच्या एमवायचा स्टॉक आहे का?’ असं विचारलंत की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

दहावं अक्षर पाठ करून ठेवा. ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. बहुतेक कंपन्यांना हे लागू पडतं. महिन्याचं अक्षर प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते, म्हणून तिथे डोकं लढवू नका, महिना लेखी मागा. ‘फॉर्म २१वर जो महिना येणार तो आत्ता या कोटेशनवर लिहा आणि सही करा.’ एवढंच.

एक जुनी युक्ती आहे, तिला फसू नका. डिसेंबरच्या शेवटी सेल्समन हळूच म्हणतो, ‘मॅडम, पासिंग जानेवारीत करू की, म्हणजे गाडी नवीन वर्षाची होईल.’ गाडी नवीन वर्षाची होत नाही, फक्त पासिंगची तारीख नवीन वर्षाची होते. आरसीवर उत्पादनाचा महिना छापलेलाच असतो आणि उद्या गाडी विकताना घेणारा तोच बघतो. नऊ वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी पेट्रोलची गाडी घेतली तेव्हा आम्ही असेच या गोड बोलण्याला भुललो होतो. विकायला काढली तेव्हा समोरच्याने आरसी उलटीसुलटी केली आणि सरळ पस्तीस हजार कमी सांगितले. मी कर्जविभागात, आणि माझ्याच घरात ही गत!

मग जुन्या वर्षाच्या गाडीवर किती सूट मागायची? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना घसाऱ्याचा जो तक्ता वापरतात तो मी मापाला धरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षं २० टक्के. हा तक्ता वापरातल्या गाडीसाठी आहे, यार्डात उभ्या गाडीसाठी नाही, आणि वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते हे खरं. तरीही दहा महिने जुनी आणि ताजी गाडी यांच्यात या मापाने १० टक्क्यांचा फरक निघतो. चौदा लाखांच्या गाडीला एक लाख चाळीस हजार. गाडी तीन-चार वर्षांत बदलायची सवय असेल तर त्यातला जवळजवळ सगळा मागा. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर निम्म्याहून थोडं जास्त मिळालं तरी सौदा वाईट नाही, कारण दहा वर्षांनी एक वर्ष इकडे की तिकडे कोण विचारतो?

बॅटरी बदलणार आहे का?

पेट्रोलच्या गाडीचा फेसलिफ्ट म्हणजे बहुतेक वेळा नवा बंपर आणि मोठा स्क्रीन. तो नसला तरी गाडी तेवढीच पळते. ईव्हीचं तसं नाही. इथे नव्या मॉडेलबरोबर बॅटरी वाढते, म्हणजे एका चार्जमध्ये कुठवर जाता येईल तेच बदलतं. म्हणून ईव्हीच्या बाबतीत वर्षापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

२०२४चा सप्टेंबर आठवा. महिन्याच्या १० तारखेला टाटाने नेक्सॉन ईव्हीवर तीन लाखांपर्यंत, पंच ईव्हीवर एक लाख वीस हजारांपर्यंत सूट जाहीर केली. लोक म्हणाले, गणपती पावला. त्याच महिन्याच्या अखेरीस ४५ किलोवॉट-तासांची (एक किलोवॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट) मोठी बॅटरी असलेली नेक्सॉन ईव्ही आली. आधीची मोठी बॅटरी ४०.५ची होती. सूट आणि नवं मॉडेल यांच्यात दोनच आठवडे. एमजीची विंडसर त्याच सप्टेंबरात ३८च्या बॅटरीने आली आणि पुढच्या मे महिन्यात ५२.९ची विंडसर प्रो आली. आठ महिने! आमच्याकडे हळदीचं पीक निघायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

यात कंपन्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. बॅटरीच्या सेलचे भाव उतरले की असं होणारच. फेब्रुवारी २०२४मध्ये टाटाने नेक्सॉन आणि टियागो ईव्हीचे भाव उतरवताना हेच कारण दिलं होतं. आपण एवढंच समजायचं की अचानक मोठी सूट दिसली तर मागून काहीतरी येतंय. ते येणारं आपल्या कामाचं आहे का, याचा शोध घ्यायचा आणि मगच खिशात हात घालायचा.

येतंय हे कळतं कसं? सेल्समन सांगणार नाही, त्याला बिचाऱ्याला बऱ्याचदा माहीतही नसतं. पण खुणा असतात. कंपनीच्या वेबसाइटवरून एखादं व्हेरियंट गायब होतं, सहा रंगांचे तीन रंग होतात, महिन्यापूर्वी आठ आठवडे वेटिंग सांगणारा माणूस ‘उद्या घेऊन जावा’ म्हणायला लागतो. झाकलेल्या गाडीचे रस्त्यावरचे फोटो वाहनांच्या मासिकांत दिसायला लागले की सहा-आठ महिने धरून चाला.

आता खरा प्रश्न. मोठी बॅटरी येणार आहे, मग जुनी घ्यावी का? इथे मी माणसाला त्याचा रस्ता विचारते. खानापूरहून बेळगावला रोज नोकरीला येणाऱ्या शिक्षिकेचा फेरा बावन्न किलोमीटरचा. तिला ३०च्या बॅटरीची जुन्या स्टॉकमधली गाडी दोन-तीन दिवस चार्जिंगला न लावताही चालेल. तिने मोठ्या बॅटरीसाठी थांबून सूट घालवणं म्हणजे दोन माणसांच्या घरात वीस लिटरचा कुकर आणणं. पण बेळगावहून कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तर सव्वादोनशे किलोमीटर होतात. माझ्या गाडीला गावात एका युनिटला सात किलोमीटर पडतात, हायवेला एसी लावून ताशी नव्वदने गेलं की साडेपाच-सहा. कागदावरच्या रेंजवर जाऊ नका. या हिशेबाने ३०ची बॅटरी दीडशे-पावणेदोनशेला हात टेकते, तिला वाटेत चार्जर शोधावा लागणार. चोर्ला घाटाने पणजीला जाताना उतरणीवर थोडं परत मिळतं, येताना मात्र घाट ते वसूल करतो. ज्याचं असं येणंजाणं महिन्यातून चार वेळा आहे त्याने सूट सोडून थांबावं.

आमचं काय? घर टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटजवळ, माझं माहेर निपाणीला, सासूबाईंचे भाऊ खानापुरात. मुलगा पुण्यात, पण तिकडे आम्ही रेल्वेनेच जातो. आम्हाला जुनी बॅटरी पुरणार हे मी शोरूममध्ये जायच्या आधीच वहीत मांडून ठेवलं होतं. नाहीतर तिथल्या एसीत बसलं की माणसाला अचानक लडाखला जावंसं वाटतं.

पंचांग आणि टार्गेट

आपल्या भागात गाडी कधी घ्यायची हे दोन कागद ठरवतात, घरातलं पंचांग आणि डीलरचं टार्गेट. हे दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात आणि फायदा त्यातच आहे.

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा. या दिवशी शोरूममध्ये हारांचा ढीग आणि डिलिव्हरीची रांग. जाहिरात मोठी, पण घासाघीस करायला कुणाला वेळ नसतो. याउलट म्हाळाचे पंधरा दिवस. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू कोण घेतो? शोरूम ओस. पुढे दसरा-दिवाळी म्हणून स्टॉक मात्र भरून ठेवलेला. डीलर कर्जावर गाड्या उचलतो आणि प्रत्येक उभ्या गाडीचं व्याज रोज वाढतं. २०२४च्या सप्टेंबरअखेर वाहन वितरकांच्या संघटनेने, म्हणजे फाडाने, देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांच्या गाड्या पडून असल्याचं सांगितलं होतं. अशा वेळी म्हाळात जाऊन भाव ठरवावा, बिल आणि डिलिव्हरी घटस्थापनेला घ्यावी. भाव लेखी आणि गाडीच्या चेसिस नंबरासकट असला म्हणजे झालं. एवढं लक्षात ठेवा की कंपनीची स्कीम महिन्याची असते, महिना बदलला की तीही बदलू शकते. म्हणून ‘ही सूट बिल होईपर्यंत कायम’ अशी ओळ त्याच कागदावर लिहून घ्यायची.

दुसरी संधी धनुर्मासाची. साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत. लग्नकार्यं बंद, नव्या खरेदीला घरातली वडीलधारी नाक मुरडतात, आणि नेमकं तेव्हाच डीलरला ‘या’ वर्षाची गाडी ‘त्या’ वर्षात न्यायची नसते. १ जानेवारीला तीच गाडी एका रात्रीत एक वर्षाने म्हातारी होते. तिसरी संधी अधिक महिन्याची. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. जावयाला धोंडे-वाण द्यायच्या महिन्यात जावई गाडी घेत नाही, तेव्हा तुम्ही जाऊन बसा.

सासूबाईंना धनुर्मासातली गाडी अजिबात मान्य नव्हती. तीन दिवस घरात अबोला होता. शेवटी तोड निघाली की बिल आणि पासिंग डिसेंबरात, पूजा आणि नारळ संक्रांतीला.

महिन्यात कधी जायचं? २५च्या पुढे, पण ३१ तारखेला नको. डिसेंबरात तर नकोच, कारण डीलरच्या हिशेबात गाडी विकली गेली हे पासिंगसाठी कागद चढल्यावर धरतात, त्याला दोन-चार दिवस लागतात, आणि शेवटच्या दिवशी घाई त्याच्याइतकीच तुमचीही होते. मी २६ तारखेला शुक्रवारी दुपारी साडेतीनला गेले. शनिवार-रविवारी गर्दीत सेल्समन ऐकल्यासारखं करतो.

आणि ‘जानेवारीपासून भाव वाढणार’ हे तो सांगेलच. खोटं नसतं, बऱ्याच कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात. पण वाढ सहसा नव्या सालच्या गाडीला लागते आणि आपण बोलतोय जुन्या सालच्या गाडीबद्दल. हे हसून सांगायचं.

उभी गाडी बघायची कशी

यार्डात जा. शोरूममधली चकचकीत गाडी तुमची नसते. चिठ्ठीतला नंबर काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर ताडून बघा.

सगळ्यात आधी जीव जातो तो साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ती छोटी उतरली की ईव्ही उघडतही नाही. आमच्या गाडीचं तेच झालं होतं. पोरगा रिमोट दाबतोय, दाबतोय आणि गाडी ढिम्म. माझ्या दृष्टीने ते पंधरा हजारांचं बटण होतं. नवी छोटी बॅटरी घालून द्या, जुनीच चार्ज करून भागवू नका, ही अट मी तिथल्या तिथे लिहून घेतली.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. ०६२५ म्हणजे २०२५चा सहावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी असली तर तीही बघा. वायपरचं रबर, दारांच्या रबरी पट्ट्या, चार्जिंगच्या झाकणाच्या आतली बाजू. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघायला खालून टॉर्च मारायला लावा. यार्डामागे उसाचं रान असेल तर हे आधी बघा.

मोठी बॅटरी उन्हात पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवणं तिला मानवत नाही, आणि अगदी उतरवून ठेवणं तर त्याहून वाईट. म्हणून स्टॉकमधल्या गाडीची बॅटरी तपासणीची नोंद मागा. सर्व्हिस विभागातला माणूस यंत्र लावून बॅटरीचं आरोग्य किती टक्के ते काढून देतो. शिवाय एकदा एसी चार्जरवर, म्हणजे घरच्यासारख्या संथ चार्जरवर, १०० टक्के भरायला लावा आणि मगच पासिंगला होकार द्या. पासिंग झालं की गाडी तुमची, तिच्या खोडीही तुमच्या. सॉफ्टवेअर अपडेट राहिले असतील तर तेही आधीच करून घ्या.

डेमो गाडी स्वस्तात देऊ करतील. जपून. ती डीलरच्या नावावर पास झालेली असेल तर तुम्ही दुसरे मालक ठरता, आणि काही कंपन्यांची बॅटरीची आजीवन वॉरंटी फक्त पहिल्या मालकापुरती असते. नेहमीची आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी तुम्हाला मिळेल की नाही, आणि कुठल्या तारखेपासून मोजतील, हे कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेत वाचा, सेल्समनच्या तोंडून ऐकू नका.

घासाघीस

एकूण ‘ऑन रोड’ आकड्यावर कधी भांडू नका. तो आकडा म्हणजे मिसळ, कशात काय आहे कळत नाही. ओळी वेगळ्या करायला लावा. एक्स-शोरूम किंमत. त्यातून कंपनीची सूट. डीलरची स्वतःची सूट. एक्स्चेंज बोनस. नोकरदारांची कॉर्पोरेट सूट, जी शिक्षक, बँकवाले, कारखान्याचे कर्मचारी यांना लागू असते आणि न विचारता सहसा मिळत नाही. मग विमा, टॅक्स, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज. ‘हँडलिंग चार्ज’ अशी ओळ दिसली तर तिच्यावर तिरकी रेघ मारून कागद परत सरकवायचा. मी काही बोलत नाही, फक्त रेघ मारते. आजवर कुणी त्या रेघेवर वाद घातलेला नाही.

सूट बिलातच हवी. ‘चाळीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री’ ही सूट नाही, चटया आणि क्रोमच्या पट्ट्या आहेत. बिलात किंमत उतरली की जीएसटीही तेवढ्यावरच लागतो. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतात, तो मात्र खर्च नव्हे. आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करता येतो. पावती जपून ठेवा.

विमा बाहेरून घेता येतो. डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. मी दोन बाहेरचे कोटेशन फोनमध्ये दाखवले आणि डीलरचा आकडा अठरा हजारांनी उतरला. कर्जाचंही तेच, आपल्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात असू द्या, म्हणजे त्यांच्या फायनान्सचं कमिशन हा आपल्या हातातला पत्ता होतो.

पेट्रोलच्या गाडीचं कोटेशनही बरोबर न्या, हे मी मुद्दाम सांगते. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला. ईव्हीचा ५ टक्के ऑगस्ट २०१९पासून आहे तोच राहिला. म्हणजे दोघींतलं अंतर कमी झालं आणि ईव्ही विकणाऱ्यावर दबाव आला. तो त्याला जाणवू द्यायचा.

पहिल्या दिवशी आम्हाला पंचावन्न हजारांची सूट सांगितली होती. मी वहीतून घसाऱ्याचा तक्ता काढला, फेब्रुवारी महिना अधोरेखित केला, टायरचे फोटो दाखवले. मॅनेजर आला. ‘मॅडम, ह्यो रेट कुठं बी गावायचा न्हाई बगा.’ म्हटलं, ‘गावलाय. कोल्हापुरात.’ आणि दुसरं कोटेशन टेबलावर ठेवलं. तो कन्नडमध्ये कुणाशी तरी फोनवर बोलला. त्याला वाटलं मला कळत नाही. सीमाभागात जन्मलेल्या बाईसमोर ही चूक करू नये. ‘ही गाडी या महिन्यात जायलाच पाहिजे’ एवढं मला स्वच्छ कळलं. मग मी चहा सावकाश प्यायले. शेवट एक लाख वीस हजारांवर झाला, नवी छोटी बॅटरी वेगळी.

कोल्हापूरच्या कोटेशनबद्दल थोडं. निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या लोकांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना गोवा. भाव सगळीकडून मागवा, हुबळीहूनही. पण राहता कर्नाटकात तर पासिंग कर्नाटकातच. केए-२२, केए-२३, जे असेल ते. कोल्हापुरातून घेतली तर तात्पुरत्या नोंदणीवर आणून इथे पास करावी लागते, तो खर्च आणि ते हेलपाटे फरकातून वजा करा. मेव्हण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ घेऊन इकडे चालवायचा मोह सोडा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो, आणि इथले पोलीस बाहेरचा नंबर लांबून ओळखतात. जुनी एमएच गाडी एक्स्चेंजला देणार असाल तर तिच्या ना-हरकत दाखल्याची धावपळ कोण करणार हे आधी ठरवा. नाहीतर त्या नावाखाली दहा हजार कापतात.

टॅक्स त्या दिवशीचा आरटीओत विचारा. कर्नाटकात ईव्हीला कर माफ होता, मग मार्च २०२४मध्ये २५ लाखांवरच्या ईव्हीला १० टक्के लागला. हे अर्थसंकल्पागणिक हलतं. त्यामुळे शोरूमच्या भिंतीवरचं पोस्टर प्रमाण मानू नका.

बॅटरी भाड्याने घ्यायची योजनाही आता आहे. विंडसर पहिल्यांदा आली तेव्हा गाडी ९.९९ लाख आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये असा भाव होता. महिन्याला हजार किलोमीटरचे साडेतीन हजार, वर वीज आपलीच. किमान किलोमीटरची अट वाचल्याशिवाय त्यात पडू नका.

मीटर

हा हिशेब कुठलाही सेल्समन सांगत नाही, म्हणून सांगते. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांच्या आत आणि आपल्या ठरलेल्या मर्यादेत (जुना सरासरी वापर अधिक १० टक्के) वीजबिल शून्य येतं. आमचं घर ११०-१२० युनिटांत बसायचं. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालली की दीडशे-एक युनिट तिचे. दोन्ही मिळून २००च्या वर गेलं की फक्त वरचे नव्हे, सगळ्या युनिटांचं बिल येतं. म्हणजे गाडीच्या विजेत घराचीही वीज जोडून धरायची. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण हा आकडा आधी वहीत असावा. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, कार्यालयात जाऊन ईव्हीसाठी वेगळं मीटर आणि त्याचा वेगळा दर विचारा, मगच ठरवा. आम्ही वेगळं मीटर घेतलं. महिना गेला त्यात.

घरच्या मंजूर लोडचंही बघा. मोठ्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरला लोड वाढवावा लागतो. आम्हाला १५ ॲम्पियरचा साधा सॉकेट पुरतो. रात्री जेवणं झाली की लावायची, सकाळपर्यंत दीडशे-दोनशे किलोमीटर भरतात. म्हणून मी मोठा चार्जर नको म्हटलं आणि त्याचे पैसे किमतीतून कमी करायला लावले. प्रत्येक व्हेरियंटला ते जमत नाही, विचारून बघायला पैसे पडत नाहीत. चार्जर घेणार असाल तर किती मीटर वायर फुकट आणि पुढे मीटरला किती, हे विचारा. जुन्या वाड्यातलं मीटर पुढच्या सोप्यात आणि गाडी मागच्या परसात असेल तर वायरच चार्जरच्या भावाला जाते.

३० तारखेला पासिंगचे कागद चढले. ३१ला संध्याकाळी गाडी दारात आली, हार नाही, नारळ नाही, शेजारच्यांना वाटलं पाहुणे आलेत. पूजा ठरल्याप्रमाणे संक्रांतीला झाली. तोवर मीटरवर सहाशे चाळीस किलोमीटर झाले होते, आणि त्यातल्या दोन फेऱ्या सासूबाईंच्या खानापूरच्या होत्या.